अर्जदाराचे दिवस कोणाच्या हिशेबीं?

आमच्या सुशिक्षित मध्यम वर्गाच्या घरांतून अलीकडे एक नवें उत्तर ऐकूं येऊं लागलें आहे. परदेशीं असलेला मुलगा केव्हां येणार, असें शेजाऱ्यांनीं विचारलें म्हणजे पूर्वीं 'रजा मिळाली कीं येईल' असें आईबाप सांगत; आतां 'त्याचा सिटिझनशिपचा अर्ज गेला आहे, तो निकालांत निघेपर्यंत त्याला हलतां येत नाहीं' असें सांगतात. सांगतांना त्यांच्या स्वरांत थोडा अभिमान असतो आणि बरीचशी खिन्नता असते. ऐकणाराहि समजल्यासारखी मान डोलावतो. हें उत्तर खरें आहे कीं नाहीं, आणि खरें असल्यास तें तसें असावें कीं नाहीं, याचा विचार मात्र दोघांपैकीं कोणीहि करीत नाहीं. तो विचार करण्याचें काम आज आम्ही पत्करलें आहे.

निमित्त झालें तें एका परिचित कुटुंबांतील मृत्यूचें. गृहस्थ निवृत्त शिक्षक, वय बहात्तर, एकुलता एक मुलगा बारा वर्षें अमेरिकेंत नोकरीस. मुलानें तिकडील नागरिकत्वासाठीं अर्ज करून आठ महिने झाले होते आणि मुलाखतीच्या बोलावण्याची तो वाट पाहत होता. इकडे वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. मुलानें तिकडच्या चार स्नेह्यांचा सल्ला घेतला. चौघांनींहि एकमुखानें सांगितलें, 'या वेळीं देश सोडूं नकोस, फाईल अडेल.' वडील एकोणीस दिवस अंथरुणावर होते. एकोणीस दिवस मुलगा रोज रात्रीं फोनच्या पडद्यावर त्यांचा चेहरा पाहत राहिला, आणि विसाव्या दिवशीं पुतण्यानें अग्नि दिला. पुढें तीन महिन्यांनीं मुलाखत झाली. अधिकाऱ्यानें मागील पांच वर्षांतील प्रवासाची यादी वाचली आणि बाजूस ठेविली. न राहवून मुलानेंच विचारलें, 'मध्यंतरीं मी पंधरा दिवस घरीं जाऊन आलों असतों तर?' 'तर या यादींत एक ओळ वाढली असती,' असें उत्तर मिळालें.

त्या एका ओळीच्या भयानें एका मुलाला बापाचें अंत्यदर्शन अंतरलें. कायद्यानें त्याला रोखलें नव्हतें. रोखलें तें भीतीनें. परंतु ती भीति कांहीं आकाशांतून पडली नाहीं. ती कशी उत्पन्न होते, तिला कायद्याची घडण कितपत जबाबदार आहे आणि आम्ही स्वतः कितपत, हें सांगणें हा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. अमेरिकेचा इमिग्रेशन व नॅशनॅलिटीचा मूळ कायदा १९५२ सालचा. त्याप्रमाणें कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे ज्याला सर्वजण 'ग्रीन कार्ड' म्हणतात तें, हातीं आल्यावर सामान्यतः पांच वर्षें त्या देशांत सलग वास्तव्य झालें पाहिजे. त्यांपैकीं निम्मा काळ, म्हणजे ३० महिने, शरीरानें तेथें हजर असलें पाहिजे. आणि अर्जाच्या अगोदरचे तीन महिने एकाच राज्यांत अथवा विभागांत काढलेले असले पाहिजेत. नागरिकाशीं विवाह होऊन त्याच्यासह राहणाऱ्यास पांचाऐवजीं तीन वर्षें पुरतात. इथपर्यंत कोणीं तक्रार करावी असें कांहीं नाहीं. परंतु कायदा एवढ्यावर थांबत नाहीं. अर्ज दिल्या दिवसापासून नागरिकत्व प्रत्यक्ष पदरांत पडेपर्यंतहि हें वास्तव्य चालूच राहिलें पाहिजे, असें तो बजावतो. सहा महिन्यांच्या आंतील गैरहजेरीनें वास्तव्याचा सलगपणा सहसा बिघडत नाहीं. सहा महिन्यांहून अधिक, पण वर्षाहून कमी काळ बाहेर राहिल्यास तो बिघडला असें गृहीत धरतात, व तसें नाहीं हें सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर पडतो. सबंध वर्ष बाहेर काढल्यास तो तुटतोच. घर बदललें तर दहा दिवसांच्या आंत सरकारास कळविलें पाहिजे. दुसऱ्या राज्यांत बिऱ्हाड हलविलें तर कागदपत्रें त्या भागाच्या कचेरीकडे जातात. बोटांचे ठसे, मुलाखत आणि शपथ यांसाठीं ठरल्या दिवशीं ठरल्या ठिकाणीं उभें राहिलें पाहिजे.

म्हणजे पंधरा दिवसांच्या, महिन्याच्या, किंबहुना तीन-चार महिन्यांच्या प्रवासानेंहि एवढ्याच कारणास्तव अर्ज बुडत नाहीं. बोलावण्याची तारीख नेमकी त्याच दिवसांत आली तर अडचण होते खरी. परंतु वेळीं कळवून दुसरी तारीख मागण्याची सोय आहे. दुसरी तारीख लांबची मिळेल, एवढाच काय तो धोका. मग चार शहाण्या माणसांनीं 'हलूं नकोस' असा सल्ला कां द्यावा?

याचें कारण असें कीं, या व्यवहारांत दिवसांचा हिशेब एकाच बाजूनें ठेवला जातो. अर्जदारानें पांच वर्षांतील प्रत्येक प्रवासाची जाण्याची तारीख, येण्याची तारीख आणि देशाचें नांव लिहून द्यावयाचें. सरकार मात्र आपले दिवस असे लिहून देत नाहीं. मुलाखत झाल्यापासून १२० दिवसांत निर्णय न झाल्यास अर्जदारास न्यायालयांत जातां येतें, अशी एक मुदत कायद्यानें घातली आहे, आणि ती चांगली आहे. परंतु मुलाखतीस केव्हां बोलवावें याला दिवसांनीं बांधलेली तशी मुदत नाहीं. कोणास चार महिन्यांत बोलावणें येतें, कोणास वर्षानें. ज्या सावकारानें व्याज दिवसावर मोजावें आणि पावती मात्र आपल्या सवडीनें द्यावी, त्याच्या कुळाला झोप येत नाहीं, हें आमच्या शेतकऱ्यांस पूर्वींपासून ठाऊक आहे. बोलावणें उद्यां येईल कीं सहा महिन्यांनीं, हें ज्याला कळत नाहीं तो मनुष्य कायद्यानें मोकळा असूनहि प्रत्यक्षांत जखडलेलाच राहतो. दाराला कुलूप नाहीं हें खरें; पण दार केव्हां वाजेल तें सांगावयाचें नाहीं, आणि वाजलें तेव्हां आंत नसलास तर पुन्हां रांगेच्या शेवटीं उभा रहा, असें म्हटल्यावर कुलपाची गरज काय?

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. अर्ज देण्यापूर्वीं एखाद्यानें त्या देशांत किती काळ काढावा, हें ठरविण्याचा त्या राष्ट्रास पूर्ण अधिकार आहे. परंतु अर्ज एकदां सरकारच्या हातांत पडल्यानंतर जो काळ जातो, तो सरकारच्या कामाचा काळ आहे. सरकारच्या संथपणाचे दिवस अर्जदाराच्या खात्यावर घालूं नयेत. आणि त्या काळांत तो आईबापांस भेटून आला, इतकेंच नव्हे तर सकारण कांहीं महिने अन्यत्र राहिला, म्हणून त्याच्या निष्ठेविषयीं संशय घेऊं नये.

कोणी म्हणेल, दिवसांची मोजणी ही अशा कायद्याचा प्राणच आहे. ती ढिली केली तर सर्व इमारत कोसळेल. या आक्षेपास तोच कायदा उत्तर देतो. ज्या अमेरिकन नागरिकास सरकारनें किंवा व्यापार वाढविणाऱ्या अमेरिकन कंपनीनें परदेशीं नेमलें आहे, त्याच्या परकी पत्नीस अथवा पतीस नागरिकत्वासाठीं ठराविक वास्तव्याची अटच नाहीं. पांच वर्षें नाहींत, तीन नाहींत, ३० महिनेहि नाहींत. तसेंच सरकारी नोकर, मान्यताप्राप्त संशोधनसंस्थांचे संशोधक, धर्मोपदेशक आणि अमेरिकेचा परदेशीं व्यापार वाढविणाऱ्या कंपन्यांचे नोकर यांना, अगोदर एक वर्ष तेथें अखंड काढलें असल्यास, रीतसर परवानगी घेऊन वर्षाहून अधिक काळ बाहेर राहतां येतें आणि त्यांच्या वास्तव्याचा सलगपणा तुटला असें मानीत नाहींत. या सवलती असूं नयेत असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्यांवरून निघणारें अनुमान टाळतां येत नाहीं. कंपनीचा माल खपविण्यासाठीं जो चौदा महिने परदेशीं राहिला, त्याचा सलगपणा टिकूं शकतो; अंथरुणास खिळलेल्या आईची सेवा करण्यासाठीं जो चौदा महिने परदेशीं राहिला, त्याचा टिकत नाहीं. विक्रेत्याची गैरहजेरी निष्ठेस बाधक नाहीं आणि मुलाची गैरहजेरी तेवढी बाधक, हा न्याय कोणत्या नीतिशास्त्रांत बसतो? दिवस हे पवित्र नाहींत. कारण पाहून ते सोडतां येतात, हें कायद्यानें स्वतःच कबूल केलें आहे. फक्त कारणांच्या यादींत आईबापांचें नांव लिहावयाचें राहून गेलें आहे.

दिवसमोजणीचा अट्टाहास टोकास गेला म्हणजे काय होतें, याचा धडा आयर्लंडनें २०१९ सालीं घालून दिला. तेथील १९५६ च्या कायद्यांत अर्जाच्या लगतचें एक वर्ष 'सलग' वास्तव्याचें असावें अशी अट आहे. सरकारी खात्याचा प्रघात असा कीं, त्या वर्षांत सहा आठवड्यांपर्यंतची गैरहजेरी चालवून घ्यावी. एका ऑस्ट्रेलियन अर्जदाराची गैरहजेरी याहून बरीच अधिक भरली. अर्ज नामंजूर झाला. तो हायकोर्टांत गेला. जुलै २०१९ मध्यें हायकोर्टानें जो निर्णय दिला, त्यानें अर्जदाराचें तर समाधान झालें नाहींच, पण सरकारहि चकित झालें. 'सलग' म्हणजे अखंड. खात्याला सहा आठवड्यांची सूट देण्याचाहि अधिकार नाहीं. त्या वर्षांत एक दिवसहि देशाबाहेर काढलेला चालणार नाहीं! या अर्थानें डब्लिनहून दोन-अडीच तासांच्या वाटेवर असलेल्या बेलफास्टास जाऊन एक रात्र राहिलेला मनुष्यहि अपात्र ठरता, कारण बेलफास्ट हें ब्रिटनच्या राज्यांत मोडतें. सुदैवानें त्याच वर्षीं नोव्हेंबर महिन्यांत अपील कोर्टानें हा अर्थ फिरविला. आणि २०२३ सालीं कायद्यांतच दुरुस्ती होऊन त्या वर्षांतील ७० दिवसांपर्यंतची गैरहजेरी, व अपवादात्मक प्रसंगीं आणखी ३० दिवसांची, सलगपणास बाधक नाहीं असें स्पष्ट लिहिलें गेलें. हा इतिहास आम्ही मुद्दाम सांगितला. शब्दाचा अर्थ केवळ कोशांत पाहिला तर काय अनर्थ होतो हें त्यावरून दिसतें. आणि मनांत आणलें तर ही चूक सुधारतां येते, हेंहि दिसतें.

कॅनडानें याहून चांगला मार्ग काढला आहे. तेथें अर्जाच्या तारखेपूर्वींच्या पांच वर्षांत १,०९५ दिवस हजेरी भरली पाहिजे. हिशेब अर्जाच्या तारखेपाशीं संपतो. त्यानंतर अर्जदार परदेशीं जाऊन आला तरी त्या हजेरींतून कांहीं वजा होत नाहीं. कायम वास्तव्याचा हक्क शाबूत ठेवावा, पत्रांना उत्तरें द्यावींत आणि बोलावलें त्या दिवशीं हजर व्हावें, एवढेंच. पण कॅनडालाहि ही सुबुद्धि एकदम झाली नाहीं. २०१४ च्या दुरुस्तीनें तेथें अशी अट घातली होती कीं, नागरिकत्व मिळाल्यावरहि कॅनडांतच राहण्याचा आपला हेतु आहे असें अर्जदारानें दाखवावें. जन्मानें जो कॅनेडियन आहे त्याला पॅरिसला नोकरी करण्याची मोकळीक, आणि अर्जानें जो होऊं पाहतो त्यानें मात्र 'मी कोठें जाणार नाहीं' असें लिहून द्यावयाचें! एकाच नांवाचे दोन नागरिक, एक मोकळा आणि एक दाव्याला बांधलेला, अशी ही व्यवस्था होती. २०१७ सालीं ती अट रद्द झाली, तें योग्यच झालें. ब्रिटनच्या १९८१ च्या कायद्यांत सामान्य अर्जदारास पुढेंहि मुख्य घर ब्रिटनमध्यें ठेवण्याचा हेतु दाखवावा लागतो, तो अजून तसाच आहे. ऑस्ट्रेलियाच्या २००७ च्या कायद्यानें मधला मार्ग धरला आहे: अर्जदार तेथें राहण्याचा संभव असावा, किंवा त्या देशाशीं त्याचा निकटचा व चालू संबंध टिकण्याचा संभव असावा. 'किंवा' या एका शब्दांत जें शहाणपण आहे, तें शेंकडों दिवसांच्या कोष्टकांत नाहीं. मनुष्याचा देशाशीं असलेला संबंध त्याच्या शरीराच्या ठिकाणावरूनच ओळखावयाचा असेल, तर कुलुपांत ठेवलेली पेटी सर्वांत निष्ठावंत म्हणावी लागेल.

परक्यांना दोष देतांना आपला उंबरठाहि झाडला पाहिजे. आपल्या १९५५ च्या नागरिकत्वाच्या कायद्यांतहि अर्जाच्या लगतचे बारा महिने भारतांत सलग काढण्याची अट आहे. तींत विशेष कारणास्तव फार तर ३० दिवसांची सूट देण्याचा अधिकार सरकारास मिळाला तो २०१५ सालीं, म्हणजे साठ वर्षांनीं. महाराष्ट्राची सून होऊन आलेली एखादी परकी मुलगी आपल्या माहेरीं बापाच्या आजारपणासाठीं दीड महिना गेली, तर तिचें वर्ष पुन्हां पहिल्यापासून मोजावयाचें काय? जो न्याय आपल्या मुलांसाठीं आम्ही वॉशिंग्टनकडे मागतों, तोच त्या मुलीसाठीं दिल्लीकडे मागितला पाहिजे. नाहींतर आमची तक्रार न्यायाची नसून केवळ सोयीची आहे, असें कोणी म्हटल्यास त्याला उत्तर नाहीं.

एवढ्याशा प्रवासाच्या प्रश्नावर इतकी शाई कां खर्चावी, असें कोणास वाटेल. त्यांना आम्ही शंभर वर्षांपूर्वींची एक हकीकत सांगतों. पेशावरकडील वैष्णोदास बागाई हे गृहस्थ १९१५ सालीं बायकामुलांसह सॅन फ्रान्सिस्कोस गेले, तेथें दुकान घातलें आणि १९२१ सालीं अमेरिकेचे नागरिक झाले. १९२३ सालीं भगतसिंग थिंद यांच्या दाव्यांत अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानें ठरविलें कीं, हिंदी मनुष्य कायद्याच्या अर्थानें 'गोरा' नव्हे, सबब तो नागरिक होण्यास पात्र नव्हे. त्या निर्णयाच्या आधारानें, पूर्वीं नागरिक झालेल्यांचीं नागरिकत्वेंहि काढून घेण्याचें सत्र सुरू झालें, बागाईंचें गेलें. पुढें त्यांना स्वदेशीं आप्तांच्या भेटीस जावयाचें होतें. अमेरिकन पासपोर्ट त्यांना नाकारण्यांत आला. ब्रिटिश पासपोर्ट घ्या, असें सांगण्यांत आलें. ज्या ब्रिटिश सत्तेचें जूं झुगारण्यासाठीं देश सोडला, तिचेंच प्रजाजन म्हणून परत जाण्यास त्यांचें मन घेईना. १९२८ सालीं त्यांनीं आत्महत्या केली. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांचेंहि नागरिकत्व काढून घेण्याचा खटला सरकारनें केला होता. तो मात्र पंडितांनीं १९२६ सालीं अपिलांत जिंकला. हिंदी लोकांना नागरिक होण्याचें दार पुन्हां उघडलें तें १९४६ सालीं.

आजची स्थिति तशी नाहीं, हें आम्ही आनंदानें मान्य करतों. आजचा अर्जदार भारताचा पासपोर्ट व ग्रीन कार्ड घेऊन जाऊं-येऊं शकतो. परंतु बागाईंच्या हकीकतींत एक कायमचें सत्य आहे. नागरिकत्व हें मनुष्याला मतपेटीपाशीं क्वचित् जाणवतें; तें खरें जाणवतें घराकडे जाण्याच्या वाटेवर. आपण जाऊं शकतों आणि परत येऊं शकतों, या विश्वासाचेंच नांव नागरिकत्व. जें राष्ट्र आपल्या भावी नागरिकास पहिला धडा देतें तो 'घरीं गेलास तर संशय' असा देतें, तें त्याला निष्ठा शिकवीत नाहीं, धाक शिकवितें. आणि जो आपल्या मरणोन्मुख बापाकडे धांवत नाहीं, तो संकटकाळीं नव्या देशाकडे धांवेल, हा भरंवसा तरी त्या राष्ट्रानें कशाच्या जोरावर बाळगावा?

आतां नाण्याची दुसरी बाजू. या वादांत सर्व दोष सरकारांचाच आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. आमच्याच मंडळींत असे कांहीं आहेत कीं, ज्यांना नागरिकत्व म्हणजे विमानतळावरील लहान रांगेचें तिकीट वाटतें. अर्ज टाकावयाचा, आणि निकालाची वाट न पाहतां अधिक पगारासाठीं सिंगापुरास किंवा दुबईस बिऱ्हाड थाटावयाचें; भाड्याच्या घराचा जुना पत्ता मित्राच्या नांवें चालू ठेवावयाचा; मुलाखतीपुरतें विमानानें जाऊन 'मी येथेंच राहतों' असें शपथेवर सांगावयाचें. याला आम्ही चातुर्य म्हणत नाहीं, खोटें बोलणें म्हणतों. अशा अर्जदाराचा अर्ज फेटाळला गेला तर आमच्या डोळ्यांतून टिपूसहि येणार नाहीं. किंबहुना अशा लोकांच्या लबाडीमुळेंच प्रामाणिक अर्जदाराची प्रत्येक पंधरवड्याची सहल संशयाच्या चष्म्यांतून पाहिली जाते.

परंतु घर सोडून जाणें आणि घर हलविणें या दोन गोष्टींत भेद आहे, व तो न समजण्याइतकी कोणतीहि कचेरी दुधखुळी नसते. ज्याची नोकरी, बिऱ्हाड, मुलांची शाळा आणि कराचे कागद त्या देशांत आहेत, तो दोन महिने सातारला राहिला तरी तेथलाच आहे. ज्यानें हें सर्व उचलून तिसऱ्या देशांत नेलें, तो दर पांच महिन्यांनीं शिक्का मारून घेण्यास गेला तरी तेथला नाहीं. अमेरिकेचा कायदाहि वस्तुतः हाच भेद मनांत धरतो. सहा महिन्यांहून अधिक गैरहजेरी झाली असतां नोकरी सोडली होती काय, कुटुंब कोठें होतें, घर ठेवलें होतें काय, असे प्रश्न विचारले जातात. हे प्रश्न योग्य आहेत. आमचा आग्रह इतकाच कीं, प्रथम हे प्रश्न विचारावे आणि मग दिवस मोजावे. दिवस मोजून मनुष्यास आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करावें आणि मग त्यानें स्वतःचें निर्दोषत्व शाबीत करावें, हा क्रम उलटा आहे.

आणि आमच्या घरांविषयीं काय? येथें आम्हांस थोडें कटु बोलणें भाग आहे. 'फाईल चालू आहे' हें उत्तर पुष्कळ वेळां भीतीचें असतें, पण कांहीं वेळां तें सोयीचेंहि असतें. सुटी खर्चावयाची नाहीं, भावंडांच्या वांटणीच्या वादांत पडावयाचें नाहीं, आजारी माणसाच्या उशाशीं बसावयाचें नाहीं, तेव्हां कायद्याचें नांव पुढें केलें कीं सर्वांचीं तोंडें बंद होतात. ज्यानें कायदा वाचला नाहीं त्यानें त्याची ढाल करूं नये. उलट, ज्याला खरोखरच मुलाखतीची तारीख आली आहे आणि म्हणून जो आठ दिवस उशिरा पोंचला, त्याला तेराव्याच्या पंगतींत टोमणे मारणारे नातलगहि आम्ही पाहिले आहेत. 'त्याला आतां आपला देश कशाला हवा!' असें ते म्हणतात. त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, निकाल लागेपर्यंत तो मुलगा पूर्णपणें भारताचाच नागरिक असतो. परदेशाचें नागरिकत्व त्यानें स्वखुषीनें प्रत्यक्ष स्वीकारलें, कीं आपल्या कायद्याप्रमाणें इकडचें संपतें, तोंपर्यंत नाहीं. अर्ज केला म्हणून तो कोणाचा पुत्र राहिला नाहीं, असें ना तिकडच्या कायद्यांत लिहिलें आहे ना इकडच्या.

तेव्हां आमच्या मागण्या तीन आहेत. पहिली, हजेरीचा हिशेब अर्जाच्या तारखेस बंद व्हावा. पुढील काळांत फक्त एवढेंच पाहावें कीं अर्जदारानें आपलें मुख्य घर कायमचें हलविलें आहे कीं काय. दुसरी, सरकारानें आपल्याहि दिवसांना मुदत घालून घ्यावी. अर्ज घेतल्यापासून ठराविक महिन्यांत मुलाखत, आणि न झाल्यास अर्जदारास दाद मागण्याचा हक्क. मुलाखतीनंतर १२० दिवसांची मुदत कायद्यास झेपली, तर अगोदरची न झेपण्याचें कारण नाहीं. तिसरी, आईबाप, पतिपत्नी आणि मुलें यांचें गंभीर दुखणें वा मृत्यु हें गैरहजेरीचें ग्राह्य कारण म्हणून कायद्याच्याच शब्दांत लिहिलें जावें. अधिकाऱ्याच्या दयेवर तें सोडूं नये. कारण दया ही चांगल्या अधिकाऱ्याजवळ असते आणि नियम सर्वांजवळ असतो.

या मागण्या तिकडच्या विधिमंडळांनीं मान्य करावयाच्या आहेत; पुण्यांतील मासिकांत लिहून त्या मान्य होणार नाहींत, हें आम्हांस कळतें. परंतु त्या देशांत आतां मराठी माणसें मतदार आहेत, वकील आहेत, डॉक्टर आहेत. त्यांचीं मंडळें आहेत. ज्यांनीं हा उंबरठा ओलांडला आहे, त्यांनीं मागें वळून पाहावें. पलीकडे गेलेला मनुष्य बाहेर ताटकळणाऱ्यास 'आम्हीहि असेंच सोसलें' असें सांगतो, हा आमच्या स्वभावांतील जुना दोष आहे. स्वतः सोसलेलें दुःख दुसऱ्यास टाळतां आलें तर तें टाळणें, हें खऱ्या नागरिकाचें पहिलें कर्तव्य होय.

तोंपर्यंत ज्यांच्या मुलांचे अर्ज कचेऱ्यांत पडून आहेत, त्या आमच्या वाचकांना एवढेंच सांगणें आहे. मुलाला कायदा नीट वाचावयास सांगा. ऐकीव सल्ल्यावर विसंबूं देऊं नका, आणि शंका असेल तेथें चांगल्या वकिलाची फी द्या. जाण्यायेण्याच्या तारखा, तिकिटें आणि पत्त्यांतील बदल यांची नोंद त्यानें चोख ठेवावी. आणि घरांत कोणी खरोखर आजारी पडलें, तर त्याच्यापासून तें लपवूं नका. 'तुझी फाईल अडेल' असें तुम्ही होऊन सांगूं नका. जावें कीं न जावें हें त्याला ठरवूं द्या. अडलेली फाईल पुन्हां चालतां येते. त्या निवृत्त शिक्षकांचा मुलगा आतां तिकडचा नागरिक झाला आहे. शपथेच्या दिवशीं त्याला मिळालेलें प्रमाणपत्र त्यानें आईकडे पाठविलें, आणि तिनें तें न उघडतां कपाटांत ठेवून दिलें आहे.